अर्ध्या इंचाचा धनी कोण? आटपाडी तालुक्यातल्या एका उडालेल्या छपराचा प्रकरण अभ्यास

माझ्या थोरल्या बहिणीचं घर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटरवरच्या वस्तीवर आहे. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी त्या घराचं छप्पर उडालं. एखाद-दुसरा पत्रा गेला असं नाही, अख्खं छप्पर पाइपांसकट उठलं आणि डाळिंबाच्या बागेत पालथं पडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून ही गोष्ट शांतपणे लिहिता येते आहे.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, मिरजेत राहून दुसऱ्यांच्या बांधकामांवर देखरेख करणारा माणूस. त्या संध्याकाळच्या तीन वर्षं आधी याच घराच्या वास्तुशांतीला मी पुरणपोळी खाल्ली, आहेर केला, फोटो काढले. मान वर करून छपराकडं मात्र एकदाही पाहिलं नाही. पुढं ज्यांच्या चुका सांगणार आहे त्यांच्या यादीत माझंही नाव धरावं.

घर

तीन खोल्या एका रांगेत, प्रत्येक दहा बाय बारा. सहा इंची भरीव सिमेंट ब्लॉकच्या भिंती, वर एकपाखी पत्रा. उतार इतका कमी की पत्र्यावर वाळत घातलेली कुरडई घसरत नाही. पुढं पाच फुटांची पडवी, आणि घरावरचाच पत्रा सलग ओढून तिच्यावर आणलेला. पत्र्याखाली लोखंडी चौकोनी पाइप, ते आडव्या भिंतींवर टेकवलेले. रस्ता पश्चिमेला म्हणून दार पश्चिमेला, वास्तुशास्त्र बाजूला ठेवून. आणि पत्र्यावर दगड. आमच्या भागात पत्र्यावर दगड नसलेलं घर दिसलं तर माणसं विचारतात, काम अर्धं राहिलंय का?

शेजारी जुनी खोली आहे, दगडमातीची, वर मातीचं धाबं. दाजींचे वडील, ज्यांना सगळी वस्ती तात्या म्हणते, ते अजून तिथंच झोपतात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं जड छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. आमच्याकडं कोयनेच्या भूकंपाची, 11 डिसेंबर 1967 ची, आठवण आधीच होती. त्यात किल्लारीचे फोटो पाहिल्यावर धाब्याखाली झोपायची भीती बसली आणि ज्याला जमेल त्यानं पत्रा घातला. ती भीती खोटी नव्हती. हलकं छप्पर भूकंपात माणूस वाचवतं. पण वाऱ्याला हलकंच लागतं, हे त्या वेळी कुणी बोललं नाही.

ती संध्याकाळ

दुपारभर नुसता उकाडा. साडेपाचच्या सुमारास नैर्ऋत्येला आभाळ काळंभोर झालं. आक्का आणि दाजी गोठ्यात धारा काढत होते. भाची घरात होती. वारं-वावधान सुटलं तसं तिला वाळवणाची आठवण झाली आणि ती कुरडयांचं सूप उचलून तात्यांच्या खोलीकडं पळाली. दार तसंच उघडं राहिलं.

त्यानंतरचं तिघांनी तीन तऱ्हेनं सांगितलं. आक्का म्हणाली, ट्रक उलटल्यागत आवाज झाला. दाजी म्हणाले, आवाज नंतर, आधी पडवी वर आली, "चादर झटकावी तशी." भाचीनं काहीच पाहिलं नाही, तिला धाब्यातून पडणारी माती आठवते. वारा पाच-सात मिनिटं टिकला असेल. मग गारा, मग पाऊस, आणि साडेसहाला स्वच्छ ऊन. वळवाचा हा जुनाच खोडसाळपणा.

छप्पर सत्तर पावलांवर सापडलं. दगड मात्र तेवढे लांब गेले नाहीत. भाचीनं दुसऱ्या दिवशी ते गोळा करून मोजले आणि मला म्हणाली, "मामा, बावीस." त्यातले आठ घराच्या आत होते. एक मधल्या खोलीत कॉटवर, वाकळेच्या बरोबर मध्यावर बसलेला होता, हातानं आणून ठेवावा तसा. तात्या दुपारी कधीमधी त्या कॉटवर पडायचे.

टोर्नेडो होता का?

रात्रीच वस्तीच्या ग्रुपवर फिरलं की हा टोर्नेडो होता, अमेरिकेसारखा. एकानं अमेरिकेतलाच एक व्हिडिओ टाकून खाली गावाचं नाव लिहिलं. मी पहाटेच्या एसटीनं निघालो ते हेच बघायला.

हे ओळखायचं एक साधं साधन आहे, पडलेली झाडं. जमिनीला टेकलेला भोवरा पुढं सरकतो तेव्हा त्याच्या एका अंगाची झाडं एकीकडं आणि दुसऱ्या अंगाची दुसरीकडं पडतात, भंगार चहूबाजूंना जातं. ढगातून थंड हवेचा लोंढा खाली आदळून पसरला तर सगळं एका दिशेनं किंवा पंख्यासारखं बाहेर लोळतं. तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञानं हिरोशिमा-नागासाकीत बॉम्बनंतर अशीच चांदणीसारखी पडझड पाहिली होती. पुढं शिकागोला गेल्यावर वादळानंतरच्या पडझडीत त्याला तोच आकार दिसला, आणि खाली आदळणाऱ्या या वाऱ्याचा उलगडा झाला. टोर्नेडोची ताकद मोजायची पट्टीही त्याचीच, 1971 ची. तिची सुधारलेली आवृत्ती अमेरिकेत 2007 पासून वापरतात. तीत सर्वांत खालची पायरी ताशी 105 किलोमीटरला सुरू होते आणि सर्वांत वरची 322 च्या पुढं.

वस्तीवर दोन बाभळी, बांधावरचा एक लिंब आणि डाळिंबाच्या टेकूच्या काठ्या, सगळ्यांची डोकी ईशान्येला होती. छप्परही त्याच दिशेला गेलेलं. म्हणजे हा सरळ वारा, वळवाच्या ढगातून कोसळलेला. टोर्नेडो नव्हे.

भारतात टोर्नेडो होतच नाहीत, असंही नाही. 24 मार्च 2023 ला पंजाबात फाजिल्का जिल्ह्यात झाला, 31 मार्च 2024 ला बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात माणसं गेली. शेजारच्या बांगलादेशात 26 एप्रिल 1989 च्या टोर्नेडोनं सुमारे 1,300 जीव घेतले. पण सांगलीच्या पूर्वभागात घरं उतरवतो तो वळीव. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "नाव काय का असंना, पाव्हणं, पत्रा गेला का न्हाई?" त्यांचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या अभ्यासातूनही हेच निघालं आहे की बहुतेक टोर्नेडो कमी ताकदीचे असतात आणि त्यांत घर कुठून सुटतं ते सांधे वळवातल्यासारखेच असतात.

सुटलं कुठून

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बागेत पालथ्या पडलेल्या छपराजवळ मी तासभर उकिडवा बसलो होतो. पत्रे चुरगळले होते, दुमडले होते, पण बहुतेक सगळे अजून पाइपाला घट्ट होते. स्क्रूला रबरी वायसर, अंतर ठीक, एकही स्क्रू तिरका नाही. वेल्डिंगही चांगलं. म्हणजे वेल्डरनं आपलं काम चोख केलं होतं.

मग शिडी लावून भिंतीवर चढलो. भिंतही चांगली, ओळंब्यात, फक्त वरचे दोन थर जागोजागी हललेले. आणि जिथं जिथं पाइप टेकला होता तिथं सिमेंटच्या मसाल्यात त्याची चौकोनी खूण होती. बोट फिरवलं तर गुळगुळीत. तडा नाही, तुटलेली सळई नाही, वाकलेला खिळा नाही. तुटायला तिथं काही नव्हतंच. पाइप भिंतीवर ठेवला होता आणि भोवती अर्धा इंच मसाला लिंपला होता, एवढाच काय तो घराचा आणि छपराचा संबंध.

पत्रे पाइपाला धरून होते, ब्लॉक एकमेकांना धरून होते. पाइप भिंतीला धरून नव्हता.

गवंड्याला फोन केला. तो म्हणाला, "पाइप बसवायचं काम वेल्डरचं, मी लेव्हल करून दिली." वेल्डर म्हणाला, "मी फुटावर रेट घेतो, भिंतीत काय सोडायचं ते गवंड्यानं आधी सोडायला पाहिजे." दोघंही खोटं बोलत नव्हते. गवंड्याचं काम भिंतीच्या माथ्यावर संपतं, वेल्डरचं पाइपाच्या तळाला सुरू होतं. मधल्या अर्ध्या इंचाचा धनी कोणीच नाही. शहरात तो धनी इंजिनिअर असतो. वस्तीवर इंजिनिअर असतो तो पुरणपोळी खायला आलेला असतो.

दगडाचा हिशोब

दाजींचं म्हणणं होतं, दगड कमी पडले, या वेळी पन्नास ठेवू. त्यांच्यासाठी मी पिठाच्या पिशवीच्या पाठीवर हिशोब मांडला.

वाऱ्याचा वेग तिथं मोजलेला नाही, म्हणून ताशी 90 किलोमीटर धरू. एवढा वारा चौरस मीटरला साधारण 38 किलोचा दाब देतो. सपाटीला आलेल्या पत्र्यावरून तो घसरत जातो तेव्हा पत्र्याला वर ओढतो. उघड्या दारातून आत शिरलेला वारा बाहेर पडायला वाट नसली की आतून वर ढकलतो, आणि पडवीच्या पोटात अडकलेला वेगळाच. सगळं मिळून चौरस मीटरला 45 किलो धरणं म्हणजे वाऱ्याला सूट देणं. पडवीसकट छप्पर तीस बाय सतरा फूट, म्हणजे 47 चौरस मीटर. वर जाणारी ओढ 2,100 किलो. विरुद्ध बाजूला पत्रे आणि पाइप मिळून सव्वातीनशे, आणि बावीस दगड आठ-आठ किलोचे म्हणजे पावणेदोनशे. पाचशे विरुद्ध एकवीसशे.

पन्नास दगड ठेवले तरी सव्वादोनशे किलोच वाढतात. आणि वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. बांधकामाच्या भारतीय मानकात पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर वेग धरायला सांगितलाय. तो धरला तर याच छपराची ओढ पाच टनांवर जाते. पाच टन दगड पत्र्यावर ठेवले तर वारा यायची गरजच उरणार नाही.

यानंतर मी जे सांगितलं त्यावर दाजी पहिल्यांदा गप्प झाले. पाच टन वजन घरात आधीपासून होतं. भिंतीचे वरचे पाच थर, दारंखिडक्या वजा करून, आठ टनांच्या आसपास भरतात. तीन वर्षं ते वजन छपराच्या खाली नुसतं उभं होतं. त्याला छपराशी कुणी बांधलंच नव्हतं.

काय केलं

पंचनामा झाला. मदतीच्या तेव्हाच्या नियमांत पक्क्या घराचं किमान 15 टक्के नुकसान असेल तर 6,500 रुपये आणि कच्च्याचं असेल तर 4,000 होते. भिंत पक्की, छप्पर कच्चं, यावर ओट्यावर बरीच चर्चा झाली, शेवटी पक्कं ठरलं. नुसत्या पत्र्यालाच पंचवीस हजारांवर जात होते, तेव्हा या रकमेबद्दल जास्त लिहीत नाही.

कामात सर्वांत आधी हललेले थर काढून टाकले. मग आडव्या-उभ्या सगळ्या भिंतींत दर चार फुटांवर, वरून पाच थर खोल अशी उभी खाच पाडली. तीत 12 मिलिमीटरची सळई सोडली. तिचं खालचं टोक वाकवून भिंतीत आरपार अडकवलं आणि खाच काँक्रीटनं भरून घेतली. या सळयांची वरची टोकं भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फिरणाऱ्या सहा इंची काँक्रीटच्या पट्ट्यात बांधली. पट्टा भरतानाच प्रत्येक पाइपाच्या जागी लोखंडी प्लेट बसवली, तिचे पाय पट्ट्याच्या सळईखाली अडकवून. पाइप आला की तो प्लेटला वेल्ड. बस, एवढंच. वर ओढलं तर आता पत्रा पाइपाला ओढतो, पाइप प्लेटला, प्लेट पट्ट्याला आणि पट्टा पाच थरांना. भूकंपातही हाच पट्टा भिंती एकत्र धरतो, म्हणून किल्लारीची भीती आणि वळवाची भीती एकाच खर्चात भागली. पट्टा, सळई, प्लेटा आणि मजुरी मिळून सव्वीस हजारांच्या आसपास गेले. मजुरीत दाजींचे आणि माझे हात धरलेले नाहीत. माझे धरण्यासारखे नव्हतेही.

पत्र्याच्या कडांना आणि कोपऱ्यांना वारा सर्वांत जास्त उचकटतो, म्हणून तिथं प्रत्येक नाळीवर स्क्रू मारला, मधल्या भागात एकाआड एक. निम्मे पत्रे जुनेच वापरले. जुन्या भोकात नवा स्क्रू मारायचा नाही यावर माझं आणि वेल्डरचं एकदा वाजलं.

पडवी तोडली, म्हणजे वेगळी केली. तिचा पत्रा, तिचे पाइप, तिचे खांब सगळं स्वतंत्र, घराच्या पत्र्यापासून चार इंच खाली. आधी सलग पत्र्यामुळं पडवीनं वारा पकडला आणि घराला हात धरून ओढून नेलं. आता गेली तर ती एकटी जाईल.

उतार वाढवायला हवा होता. 22 ते 30 अंशांचा उतार वाऱ्याला बरा, आणि चारी बाजूंनी उतरणारं चौपाखी छप्पर त्याहून बरं. जुने कौलारू वाडे उगाच तसे नव्हते. पण मागची भिंत उचलायचा खर्च झेपत नव्हता. थोडासा उतार वाढला, कुरडई अजूनही घसरत नाही.

आक्काची मागणी वेगळी होती. हिशोब, पट्टा, प्लेट हे सगळं तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला एक खोली अशी दे, की वारं सुटलं तर जिचं छप्पर मला बघाय लागणार न्हाई." मला अमेरिकेतलं मूर नावाचं ओक्लाहोमातलं शहर आठवलं. तिथं 3 मे 1999 ला आणि मग 20 मे 2013 ला भयंकर टोर्नेडो आले. दुसऱ्यात 24 माणसं गेली. 2014 मध्ये त्या शहरानं नियम बदलले आणि नवी घरं ताशी 217 किलोमीटरच्या वाऱ्याला टिकतील अशी बांधायला लावली. त्यातला मोठा भाग म्हणजे छपराचं लाकूड भिंतीला धरून ठेवणाऱ्या लहान लोखंडी पट्ट्या आणि गॅरेजचा भक्कम दरवाजा. आमची प्लेट आणि आमचं पश्चिमेचं दारच म्हणायचं. पण सर्वांत मोठ्या भोवऱ्यापुढं अख्खं घर उभं ठेवणं सामान्य माणसाला परवडत नाही, म्हणून तिकडं घरात एकच छोटी खोली जमिनीशी जखडून सगळ्या बाजूंनी मजबूत करतात आणि सगळे तिच्यात जाऊन बसतात. आक्कानं त्यातलं काहीही न वाचता तेच मागितलं होतं.

उत्तरेकडच्या खोलीवर स्लॅब टाकला. चारही कोपऱ्यांत भिंत फोडून सळई जोत्यापर्यंत उतरवली. पैसे बचत गटातून आक्कानं स्वतः उचलले, हप्ता दुधाच्या पगारातून जातो. दाजींना तो खर्च शेवटपर्यंत पटला नाही. धान्याची पोती मात्र त्यांनीच पहिल्यांदा त्या खोलीत हलवली.

तात्या अजून धाब्याखालीच झोपतात. त्या संध्याकाळी सगळे तिथंच जमले होते आणि ते भाचीला म्हणाले होते, "पत्रं आणलं तवा तुमीच म्हणला हुता, धाबं माणसं मारतंय." त्यांना उत्तर देणं अवघड आहे. ती खोली वाऱ्यात टिकली, पण भूकंपात किंवा आठवडाभराच्या झडीत मी तिच्याखाली कुणाला झोपू देणार नाही. पावसाळ्यात त्यांनी स्लॅबच्या खोलीत यायचं असं ठरलंय. ठरलंय एवढंच.

एक सवय मात्र सगळ्यांनी बदलली. वारा सुटला की पश्चिमेचं दार आणि खिडक्या आधी बंद. वारा आरपार जाऊ दिला तर घर वाचतं, असं पुष्कळ जण सांगतात. अमेरिकेतही खिडक्या उघडा असं पूर्वी सांगत, आता सांगत नाहीत. आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो.

पुढच्या उन्हाळ्यात

एप्रिल संपताना पुन्हा तसाच वळीव आला. मी मिरजेत साइटवर होतो. संध्याकाळी दाजींचा फोन.

"पाव्हणं, पडवी गेली."

"आणि घर?"

"घर हाय की. चहा चाललाय."

पडवीचे दोनच पत्रे गेले होते, बाकी तिथंच लोंबकळत होते. गोठ्याचे कडेचे पत्रे उचकटले. गोठ्याला आम्ही हातच लावला नव्हता, आणि त्याच्यावर दाजींनी मला न सांगता जुन्या बावीसमधले सहा दगड नेऊन ठेवले होते, हेही त्याच फोनवर कळलं. म्हशीला लागलं नाही.

तोच वेल्डर आता वस्तीच्या आसपास पत्र्याची कामं घेताना भिंतीतल्या प्लेटचा खर्च वेगळा सांगतो, आणि गवंड्याला पट्टा भरायच्या आधी बोलावून घ्या म्हणतो. गेल्या वर्षात त्यानं तीन घरं केली. दोघांनी विचारलं, प्लेट न घालता कितीला होईल? एकानं घातली.